ट्रॅक्टरचा खोकला

...नाहीच सांगायचं, असं ठरलंय! कॉर्लिस आत्यानं आत्ता माझे दोन्ही खांदे धरून बजावलंय, "ब्रिटा, हे तुझ्यामाझ्यात. बाहेर गेलं तर बघ!" आणि मी कुणाला सांगणार हो? मी मुळात बोलतच नाही. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणते तेही बाईंना ऐकू जात नाही, त्यामुळे निम्मं वर्ष माझी गैरहजेरीच लागते. पण तुम्ही परगावचे, प्रदर्शन संपलं की निघून जाणार, आणि मला हे पोटात मावत नाहीये, म्हणून तुम्हाला सांगते... तो बघा, तो लाल छोटा ट्रॅक्टर, निळी फीत लावलेला. पहिल्या नंबरची फीत आहे ती! आणि त्याच्या उघड्या इंजिनात डोकं घालून जे म्हातारे गृहस्थ वाकलेत ना, ते माझे आजोबा, नॉर्बर्ट. बक्षीस मिळालेला ट्रॅक्टर कुणी त्याच दिवशी उघडतं का? उघडलाय! आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणतोय, "नॉर्ब, नवाकोरा केलास रे, नवाकोरा!"

तेच तर दुखणं आहे!

म्हणजे बघा, हा ट्रॅक्टर आजीचा. अर्डिस आजी. गेल्या वर्षी भोपळे काढायच्या दिवसांत गेली. आणि आजोबा म्हणजे आख्ख्या तालुक्यातल्या बागकामाच्या जुन्या ट्रॅक्टरांचे डॉक्टर. आमच्या गोठ्यात आता गाई नाहीत, ट्रॅक्टरच बांधलेत म्हणा ना! कुणाच्या वडिलांचा, कुणाच्या सासऱ्याचा, कोंबड्यांनी अंडी घातलेला, उंदरांनी वायरी खाल्लेला... सगळे येणार आणि नवेकोरे होऊन जाणार. फक्त एका ट्रॅक्टरला त्यांनी कधी हात लावला नाही. लावू दिला नाही हो! आजोबा पाना घेऊन जवळ आले की आजी लांबूनच ओरडायची, "नॉर्बर्ट, हात खिशात!"

"अगं पण खोकतोय तो!"

"खोकू दे. मी खोकते तेव्हा मला उघडतोस का?"

आणि खरंच खोकायचा. बागेतून मक्याची कणसं भरून आजी यायची ना, धडधडधडधड... गोठ्याच्या कोपऱ्यावर आली की एकदम 'खॅक'! आणि परत धडधडधड. रोज! त्याच जागी! आणि आजोबा हातातलं टाकून बाहेर. "आजही खोकला! तिथं चढ आहे ना, पेट्रोल मागं जातं, कार्बोरेटर उपाशी राहतो, मी सांगतो ना तुला..." असं सांगत सांगत कणसांची टोपली उचलायचे, घरापर्यंत बोलत जायचे, मग दोघं पायरीवर बसून कॉफी प्यायचे, आणि सगळा वेळ विषय काय, तर कार्बोरेटर! मला वाटायचं, आजीला किती कंटाळा येत असेल.

ती गेली, आणि आजोबा रडले नाहीत. आमच्याकडे रडत नाहीत, दुरुस्त करतात. तिला निरोप देऊन आले, कोट काढून खुंटीला टांगला आणि तिचा ट्रॅक्टर गोठ्यात घेतला. हिवाळाभर! बाहेर दारापर्यंत बर्फ आणि आत आजोबा एकेक नट रॉकेलमध्ये धुतायत. आजीच्या छोट्या केकांचा साचा होता, त्याच्या खळग्यांत जातवार स्क्रू लावून ठेवलेले. पिस्टनला रिंगा नव्या, प्लग नवा, कार्बोरेटर तर काडीनं कान कोरावा तसा कोरला. आणि रंग? बॉनेटवरचा बिल्ला उचकटला, त्याच्या खाली ऊन न लागलेला मूळचा लाल सापडला, तोच जुळवला. एवढं केलं! आणि मग बर्फ वितळल्यावर सगळ्यांना बोलावून किल्ली फिरवली.

काय सांगू तुम्हाला! शिवणयंत्रासारखा सुरू झाला. शेजारच्या डेलमारकाकांनी टोपी उडवली, "नवाकोरा! नॉर्ब, नवाकोरा!" आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि आजोबा मान तिरकी करून उभे. वाट बघत. मी म्हटलं, कशाची वाट बघतायत? तर म्हणाले, "थंड आहे अजून. गरम झाला की येईल."

गरम झाला. नाही आला.

कोपऱ्यावर नेला. नाही आला. चढावर उभा केला, उतारावर उभा केला, मागं चार पोती लादली... नाही! कसा येणार? नवाकोरा केलाय ना!

आणि तिथून पुढं, तुम्हाला सांगते, माणसं ट्रॅक्टर सुधारतात, आमचे आजोबा बिघडवायला बसले! गुपचूप. त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरवाल्यांच्या क्लबात कळलं तर तोंड दाखवायला जागा नको. कचऱ्यातून जुना प्लग हुडकून लावला. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. आणि कान कुणाचे? माझे! कारण मी कमी बोलते म्हणजे जास्त ऐकत असणार, असा त्यांचा हिशोब. मला कोपऱ्यावर उभं करायचे. खोकायचा तो, नाही असं नाही. काळा धूर सोडत खोकायचा, ढेकर दिल्यासारखा खोकायचा.

"हा?"

"नाही, आजोबा."

"नाहीच. हा डेलमारचा खोकला आहे." आणि परत खाली वाकायचे. रोज त्यांच्या तोंडाकडे बघून 'नाही' म्हणायचं... तुम्ही म्हणून बघा एकदा! जमतंय का बघा!

शेवटी थकले. सगळं परत नीट जोडलं, पुसलं आणि इथं आणला. परीक्षक आले, वाकून वाकून बघितलं, नवाकोरा म्हणाले, फीत लावली. आजोबांनी आभार मानले... एखाद्यानं चुकून दुसऱ्याचं टपाल हातात द्यावं, तशी ती फीत धरून.

मग निघाली मिरवणूक. चालवणार कोण? मी. आजीची सीट मलाच बरोबर बसते, दुसऱ्या कुणाचे गुडघे मावत नाहीत. ते कर्ण्यावाले गृहस्थ माझं नाव पुकारतायत, अख्खं मैदान माझ्याकडे बघतंय, मला तर वाटलं बॉनेटखाली जाऊन बसावं! कुठं बघू, हात कुठं ठेवू? म्हणून उजवा अंगठा समोरच्या चोकच्या बटणात अडकवला. थंडीत इंजिन सुरू करताना ओढतो ना, ते. आणि खड्डा आला. आणि बटण ओढलं गेलं.

खॅक!

अहो, तोच! अगदी तोच! बटण परत आत गेलं, आणि धडधडधड...

कुंपणाशी आजोबा डेलमारकाकांबरोबर सॉसेज खात होते. त्यांच्या हातातली बशी खाली पडली. टोपी काढली त्यांनी. मग दुखरा गुडघा घेऊन धावत सुटले माझ्यामागं, आणि हसत होते! अख्ख्या हिवाळ्यात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "आतच आहे अजून! ब्रिटा, माझ्या हातून सुटलंय काहीतरी! चुकलो मी कुठंतरी, चुकलो!" इतक्या आनंदानं कुणी चुकतं का हो?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कॉर्लिस आत्यानं मला चर्चच्या जेवणाच्या तंबूमागं ओढलं. "चोक ओढलास?"

"चुकून, आत्या."

आधी ती हसली. मग पावांच्या खोक्यावर बसली आणि ॲप्रनमध्ये तोंड घालून रडली. म्हणाली, "आई ओढायची. कोपऱ्यावर आली की. मी एकदा पकडलं तिला, तर म्हणते कशी, 'अगं, नीट चालणाऱ्या गोष्टीकडे तुझा बाप मान वर करून बघत नाही. बिघडलेलं ऐकलं की कसा पळत येतो!'"

मी म्हटलं, मग आजोबांना सांगू या ना!

"नको गं. ते विचारतील, 'मी असा होतो का?' आणि त्यावर काय सांगणार आहेस?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करू? बटण नाही ओढलं तर आजी गेली ती गेलीच. ओढलं तर आजोबा इंजिन उघडणार, आत काही सापडणार नाही, परत जोडणार, परत मला वर बसवणार...

"ब्रिटा! ए पोरी! जोडलं बघ सगळं! ये, चालव, मी इथं कान देऊन उभा आहे!"

आले, आजोबा! ...ऐकलंत? मला अजून गाडीचा परवाना नाही, आणि हा ट्रॅक्टर मात्र आता जन्मभर मलाच...

"का डेलमारला बसवू?"

नको, नको, त्यांना नको! आले, आजोबा! तुम्ही फक्त तिथंच उभे राहा, मी येते त्या तंबूच्या कोपऱ्यावरून, आणि मग...