एक बावन्नची चिठ्ठी

नाही, मी तिथं नव्हते! हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्याकडे जो तिथं नसतो तोच सगळ्यांत रंगवून सांगतो, आणि मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते हो, ऐकीव गोष्टीला पुरावा म्हणण्याची मला सवय नाही! पण भांडी घासणाऱ्या मावशींनी सांगितलं, ऑर्डरी पुकारणाऱ्यानं सांगितलं, आणि चिठ्ठी... चिठ्ठी तर माझ्या पर्समध्येच आहे.

तर माझी ताई. सख्खी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघराची मुख्य. तिला धरून अकरा माणसं होती तिथं, आता सात. काम? काम अकरांचंच! मी म्हटलं, "ताई, हा हिशेब माणसाच्या अंगावर येतो." तर म्हणते, "तू जेवलीस का?" घ्या!

आता मालक वाईट आहेत असं नव्हे, उलट फारच पुढारलेले! मनःस्वास्थ्याचे एक तज्ज्ञ आणले, टायबिय लावलेले. सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि, "डोऽळे मिटा... चार मोजत श्वास आऽत..." अहो, समोर कढईत तेल तापलंय, डोळे कसले मिटता! मग कोल्डरूमच्या दारावर पोस्टर लागलं: 'थकलात? बोला.' आणि गल्ल्याशेजारी एक पेटी. मालक म्हणाले, "मनात असेल ते लिहून टाका, तोंडी नको, तोंडी सांगितलेलं विसरायला होतं." छान! पण पेटी बाहेर, गिऱ्हाइकांच्या दालनात, आणि भर दुपारी स्वयंपाकघरातल्या माणसानं तिथं दिसायचं नाही, हा नियमसुद्धा मालकांचाच.

तिथली पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ऑर्डरची चिठ्ठी शेगड्यांच्या वरच्या पट्टीत अडकवायची. पुकारणारा ती मोठ्यानं वाचणार, आणि सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "हो!" मान वर करायची नाही, हात थांबवायचा नाही. ताट बाहेर गेलं की चिठ्ठीवर वेळ टाकायची आणि खिळ्याला टोचायची. विषय संपला.

त्या शुक्रवारी, म्हणजे मी तिथं नव्हते, पण मावशी होत्या, सूपवाला आजारी म्हणून सूप ताईच्या गळ्यात, मासेवाली अर्ध्यातून घरी गेली म्हणून मासाही तिच्याच गळ्यात, आणि बाहेर टेबलं भरलेली. ताईनं ऑर्डरची वही ओढली, दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली (आमच्या ताईची सही म्हणजे न्यायाधीशाची!), आणि पेटीपर्यंत जायची सोय नाही म्हणून चिठ्ठी लावली त्या पट्टीतच. पुकारणाऱ्यानं वाचली, त्याच्या नेहमीच्या सुरात: "दोन सूऽप, एक मासाऽ, तीन बटाटेऽ, मला आता जमत नाही, मला कुणीतरी थांबवाऽऽ, एक सूऽप!"

आणि सगळे म्हणाले, "हो!"

तुम्हाला सांगते, पुकारणारा माझ्यासमोर रडला. "बाई, मी वाचतो हो... ऐकत नाही! ऐकत बसलो तर पुढची राहते!" आणि मावशी? मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, "सगळ्यांत मोठा 'हो' तुमच्या ताईंचाच होता."

मग तिनं हातातली ताटं पूर्ण केली. पूर्ण केली, लक्षात घ्या! ओटा पुसला, कोल्डरूममध्ये गेली, दार ओढून घेतलं आणि बटाट्यांच्या पोत्यावर बसून राहिली. चाळीस मिनिटं. पोस्टरच्या बरोब्बर मागं. लोणी आणायला गेलेल्या मावशींना दिसली, ओठ निळे, आणि म्हणते काय, "आलेच."

चिठ्ठी खिळ्यावर सापडली. वर वेळ: एक बावन्न. म्हणजे मागणी पुरी झाली! वेळ कुणी टाकली? सगळे म्हणतात, मी नाही. ताईला दाखवली, तर तिनं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "खिळा मधोमध गेलाय. चांगलं टोचलंय."

डॉक्टरांकडे नेलं. तिथं मात्र मी होते.

"झोप लागते?"

"हो!"

"भूक?"

"हो!"

"जगावंसं वाटतं ना?"

"हो!"

तिन्ही एकाच पट्टीतले, मान खाली घालून, हात मांडीवर काहीतरी चिरत असल्यासारखे. डॉक्टर खूश! मी म्हटलं, "डॉक्टर, प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर येतं तेव्हा ते उत्तर नसतं." ते म्हणाले, "तुम्ही फार विचार करता. ताईंना आठवडाभर विश्रांती द्या."

आठवडा झाला. काल मालकांचा फोन, आवाज अगदी मधाळ: "ताई, पोस्टर नवीन लावलंय हं! सोमवारी येताय ना?"

"हो!"

मी फोन काढून घेतला, तिच्यासमोर बसले, तिचे हात धरले. "ताई, जाणार आहेस?"

"हो!"

"नको ना जाऊस. माझं ऐकशील?"

"हो!"

या वेळी मी तिथंच होते, हातभर अंतरावर. दोन्ही 'हो' या कानांनी ऐकले, आणि त्यातला खरा कुठला ते मला सांगता येत नाही.

आज रविवार आहे.