पट्टा पडू दे

रिटायर झाल्यावर फिरू म्हणतोस व्हय रं? कप ठेव खाली, आमच्या शिवाचं ऐक.

साखर कारखान्यात तो आन् मी बॉयलरवर. त्याच्या बायकोनं, पारूवैनीनं, जन्मात समुद्र बघितला न्हवता. दर साली तिचं एकच, “आवं, एकदा दावा की!” ह्याचंबी एकच, “पट्टा पडू दे, मग जाऊ.” पट्टा पडला, म्हंजी ऊस संपून गाळप थांबलं, की सायेब दुरुस्तीला ह्यालाच धरायचा. ह्याला त्याची लय ऐट, “माझ्याबिगर बॉयलर उघडत न्हाई!”

रिटायरच्या साली मात्र त्यानं गाडी ठरवली. पट्टा पडायला चार दिस राहिलं आन् गडी बॉयलरपाशीच बसल्या जागी गेला. बॉयलर ठरल्या दिवशीच उघडला, त्याच्याबिगर.

वैनी रडली न्हाई. म्हणाली, “भावजी, राख संगमावर नगं. समुद्रावर न्या, मीबी येते.”

तीच गाडी. सकाळी कराडातनं निघालो, घाट उतरलो, जेवणाच्या आत गुहागर. मडकं मांडीवर घेऊन वैनी वाळूत बसली. लय वेळ पाण्याकडं बघत हुती. मग माझ्याकडं वळली.

“समुद्र एवढ्यावरच हुता व्हय, भावजी?”