सटवाजी जासुदाचे पाय

मंडळी, एक सांगा, धावणं अवघड की थांबणं? तुम्ही म्हणाल, बुवा, धावणंच की! अहो, आपले पाटील तर देवळापर्यंत चालत आले तरी खांबाला टेकलेत! असू द्या पाटील, टेका. पण ऐका!

एका डोंगरी गडावर सटवाजी नावाचा जासूद होता. जासूद म्हणजे निरोप घेऊन पळणारा माणूस. घोडा जिथं बिचकायचा, तिथून हा पळायचा! एके साली गडावर तापाची साथ आली. सटवाजीची सात वर्षांची सगुणा तापानं फणफणली. औषध कुठं? चौदा कोसांवर, ठकूबाई वैदिणीकडं! उजाडता सटवाजी जो सुटला — घाट, ओढे, काट्यांचा माळ — तो दुपार कलता ठकूबाईच्या अंगणात उभा!

"मावशी, औषध!"

म्हातारीनं पुडकं बांधलं. पण नजर त्याच्या पायांवर. पोटऱ्या थडथड उडत होत्या.

"आज तू परत पळायचं नाहीस. आमचा गडी रायाजी जाईल."

"रायाजी? ते कासव? मावशी, पोर माझी आहे!"

पुडकं हिसकावलं अन् धावला! किती धावला? वेशीपर्यंत! दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले — धाडकन आडवा! पुडकं उडून ओढ्याच्या काठाला. हात पुरेना! आता सांगा, हेच घाटात झालं असतं तर? हाच विचार सटवाजीच्या मनात आला, अन् त्याला दरदरून घाम फुटला. त्यानं हाका मारमारून रायाजीला बोलावलं.

"ते पुडकं घे, भाऊ... जा!"

रायाजी गेला. आणि मंडळी, सटवाजीची खरी कसोटी आता लागली! ठकूबाईनं त्याला एकदम निजू दिलं नाही. अंगणात हळूहळू चालवलं. मीठ-गुळाचं पाणी घोटघोट पाजलं. ऊन ऊन पेज, मुगाचं वरण. हलक्या हातानं पायांना तेल. सगळं झालं. पण झोप? पाय पोत्यावर, अन् मन घाटात! दर घटकेला उठतोय — "मावशी, ओढा ओलांडला असेल का?"

"डोळे मीट."

"मिटले की पोर दिसते."

म्हातारी त्याच्या उशाशी येऊन बसली. मग म्हणाली, "माझा घरधनी जासूदच होता. असाच आला, असाच उलटपावली पळाला. तिसऱ्या कोसावर सापडला. सटवाजी, पोरीला औषध हवंय, तसा बापही हवाय रे."

तेव्हा तो रडला. रडता रडता झोपला.

दुसऱ्या दिवशी पायरी उतरताना मांड्या नुसत्या बोंबलत होत्या! तरी पळायला निघाला, तर म्हातारीनं काठी उगारली — "अंगणातच, अन् चाल फक्त!" तिसऱ्या दिवशी रायाजी वेशीत आला.

"ताप उतरला! पोर पेज मागतेय!"

एवढं बोलला अन् मटकन खाली बसू लागला. सटवाजीनं त्याला बगलेत धरलं.

"बसू नको, भाऊ. माझ्या खांद्यावर हात टाक. हळू चल."

ज्याला कासव म्हणाला ना, त्याच्याच चालीनं चालला!

मंडळी, आपण थांबलो तर जगाचं अडेल, असं वाटतं आपल्याला. आणि आपल्यासाठी जी दिवसभर धावते, ती जरा भिंतीला टेकली, की आपण काय म्हणतो? "चहा टाक!" खरं ना? माना खाली घालू नका! आज घरी जाल, तेव्हा पाण्याचा तांब्या भरून तिच्या हातात द्या. मग घ्या देवाचं नाव. ऐकेल तो!