मधलं नाव

तुकाराम: ...पन्नास चांदण्या, तेरा पट्टे. हे झोपेत विचारलंत तरी सांगेन, वैनी. जरा अवघड विचारा.

हेमा: बरं. राष्ट्राध्यक्ष किती वर्षांसाठी निवडतात?

तुकाराम: चार. तो पण दोनदाच. तिसऱ्यांदा खलास. आमच्या कॅम्पाचा मुकादम चौदा वर्षं खुर्चीला चिकटलाय, त्याला दाखवायला पाहिजे हा कायदा.

हेमा: मुकादमाला कोणी निवडून दिलेलं नाही, काका. सिनेटमध्ये किती जण?

तुकाराम: शंभर. दर राज्याचे दोन. राज्य मोठं असो नायतर आमच्या वाडीएवढं, दोन म्हणजे दोन. हे मला आवडलं. मोठ्या भावाला जास्त वाटा नाय.

हेमा: शाब्बास. राष्ट्राध्यक्ष कोण होऊ शकतो?

तुकाराम: पस्तीस वर्षं पुरी पाहिजेत आणि जन्मानं तिथला पाहिजे. म्हणजे आमचा राजन नाय होऊ शकत.

हेमा: त्याला व्हायचंय का?

तुकाराम: नाय हो! त्याच्या आईनं पत्रातून विचारलंय. तिला वाटतं, झील अमेरिकेचा झाला, आता काय पण होईल.

हेमा: मंगलाकाकू ग्रेट आहेत. चहा घ्या, निवतोय. काका, एक विचारू? ही नागरिकत्वाची परीक्षा राजनची होती. त्यानं दिली, पास झाला, शपथ घेतली. आई-वडलांना बोलवायला ही परीक्षा लागतच नाही. तुम्ही चार शुक्रवार झाले, सनदच्या कॅम्पातून इथे माहूजला माझ्याकडे येऊन पाठ करताय.

तुकाराम: ठाऊक आहे. पण तिथं पाच वर्षं राहिलो की आम्हाला पण द्यावी लागेल ना? पंचावन्न झाली मला. डोक्यात जायला वेळ लागतो, म्हणून आत्तापासून. आणि खरं सांगू, आज मी परीक्षेला आलो नाय. हे आणलंय.

हेमा: राजनचं पत्र? कधी आलं?

तुकाराम: शनिवारी.

हेमा: शनिवारी! आज शुक्रवार. सहा दिवस खिशात ठेवून फिरताय?

तुकाराम: आतलं मोठं पत्र वकिलाचं आहे, इंग्रजीत. सोबत राजनची चिठ्ठी होती मराठीत, ती वाचली मी. दोनच ओळी. 'आबा, वकिलाचं पत्र हेमाकाकूंकडून वाचून घ्या. मला लिहवत नाही.'

हेमा: बस, एवढंच?

तुकाराम: एवढंच. दर पंधरा दिवसांनी चार-चार पानं लिहिणारं पोर. काय खाल्लं, किती बर्फ पडला, सगळं लिहितं. त्याला लिहवत नाय म्हणतो, तेव्हा मला उघडवेना. तुमच्या साहेबांना गाडीतून नेताना विचारणार होतो. पण म्हटलं नको, तुम्हीच वाचा.

हेमा: द्या इकडे.

(हेमा वाचते. पान उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचते.)

तुकाराम: मोठ्यानं वाचा की.

हेमा: काका... राजनच्या जन्माच्या दाखल्यावर वडील म्हणून कोणाचं नाव आहे?

तुकाराम: विठ्ठलाचं. माझ्या धाकट्या भावाचं. दुसऱ्या कोणाचं असणार?

हेमा: म्हणजे राजन तुमच्या भावाचा मुलगा? इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही बोलला नाहीत.

तुकाराम: त्यात बोलायचं काय? दोन वर्षांचं होतं पोर. विठ्ठल आणि त्याची बायको लग्नाला म्हणून खाडीपलीकडे निघाली, मध्येच होडी उलटली. पोराला ताप होता म्हणून आमच्या हिच्याकडे ठेवलं होतं, तेवढं राहिलं. आम्हाला मूल नव्हतं. बोलायला लागलं तसं मला आबा म्हणालं, हिला आई. शिकवावं नाय लागलं. चितेपुढे मी बोललो होतो, विठू, पोराचा मी बगतलंय. बघेन म्हणालो, आणि बघितलं. इथं आखातात येऊन ट्रक चालवला, मग साहेबांची गाडी चालवली, आणि पोर अमेरिकेला धाडलं.

हेमा: दत्तक घेतलं होतंत? कोर्टाचा कागद वगैरे?

तुकाराम: घरातल्या घरात कसला कागद, वैनी? आपल्या ताटातला घास आपल्या तोंडात घालायला पंच बोलवायचे?

हेमा: तिथला कायदा कागद मागतो. वकिलानं राजनला लिहिलंय, नागरिकाला आई-वडलांना बोलवता येतं. भावाबहिणींना पण येतं. काका-काकूंना नाही. राजन लहान असताना कोर्टातून दत्तक घेतलं असतंत तर चाललं असतं. आता तो एकतीस वर्षांचा आहे.

तुकाराम: मी काका नाय.

हेमा: मला माहीत आहे.

तुकाराम: मग त्यांना कळवा तसं. राजन सांगेल की. त्यानं हात वर करून शपथ घेतली, आपला देश सोडला, त्यांचा झाला. आपल्या माणसाचा शब्द नाय धरणार ते?

हेमा: नुसत्या शब्दावर नाही होत, काका.

तुकाराम: तुम्हीच शिकवलंत मला. त्यांची घटना 'आम्ही लोक' अशी सुरू होते. सव्वीस वेळा दुरुस्ती केलीय तिच्यात. मग माझ्यासाठी एक ओळ...

हेमा: काका.

तुकाराम: नाय, उगाच बोललो. मला कळतंय. साखर कमी आहे का हो चहात?

हेमा: नेहमीचीच आहे. तुमचा व्हिसा कधीपर्यंत?

तुकाराम: दोन महिने. नवीन मॅनेजर म्हणतो, पंचावन्नच्या पुढचा ड्रायव्हर नको. सौदीला जाणारा तो पूल बांधतायत ना समुद्रात, म्हटलं होतं त्यावरून एकदा तरी गाडी नेईन. ते पण राहिलं. त्याचं काय नाय. पण राजनच्या आईनं गाय दिली खालच्या वाडीत. कोंबड्या वाटल्या. सगळ्या गावाला सांगून बसलीय की झीलाकडे जाणार. आठ वर्षांत पोराचं तोंड बघितलेलं नाय तिनं.

हेमा: पाहुणे म्हणून जाता येईल तुम्हांला. व्हिजिट व्हिसावर. सहा महिने राहता येतं.

तुकाराम: पोराच्या घरी पावणे?

हेमा: कागदावर हो.

तुकाराम: कागदावर. सगळं कागदावरच आहे म्हणा.

हेमा: काका, आणखी एक मार्ग... रागावू नका. गावाकडून जन्माचा दाखला नवा काढून आणतात काही लोक. वडलांच्या जागी तुमचं नाव घालून. मी असं बोलू नये खरं तर. पण तुमच्याकडे बघून राहवत नाही.

तुकाराम: राजनला पहिलीत घालायला नेला ना, तेव्हा गुरुजी पण हेच म्हणाले होते. म्हणाले, मधलं नाव तुकाराम लावतो, पोराला बरं, कोण चौकशी करत नाय. मी नको म्हटलं. विठ्ठलाचं दुसरं उरलं काय होतं? फोटो नाय, जमिनीचा तुकडा नाय. म्हटलं, गुरुजी हजेरी घेताना रोज 'राजन विठ्ठल कुबल' म्हणतील, तेवढाच रोज एकदा माझा भाऊ हाकेला येईल.

हेमा: आणि मंगलाकाकू?

तुकाराम: आठ दिवस बोलली नाय माझ्याशी. म्हणाली, मेलेल्याला नाव दिलंत, रात्री जागणाऱ्यांना काय दिलंत? तिचं पण खोटं नव्हतं. आता त्याच हातानं खोटा दाखला आणू? आणि सापडला तर पोराचं तिथलं सगळं जाईल. नको, वैनी. विठ्ठलाला पुसून मला नाय कुठं जायचं.

हेमा: बरोबर आहे तुमचं. चुकले मी. ठेवते हे पाकिटात.

तुकाराम: दुसरं पान आहे ना?

हेमा: त्यात काही विशेष नाही.

तुकाराम: चौदा वर्षं आरशात मागचं बघत गाडी चालवतोय मी. पान तुम्ही खाली दडपलंत ते दिसलं मला. वाचा.

हेमा: काका, आत्ताच तुम्ही जे बोललात ना, त्यानंतर मला...

तुकाराम: वाचा.

हेमा: 'शपथविधीच्या वेळी तुम्ही कोर्टाकडून आपलं मधलं नाव बदलून घेतलंत. तथापि त्यामुळे श्री. तुकाराम कुबल हे कायद्यानं तुमचे वडील ठरत नाहीत.' तिथे नागरिक होताना नाव बदलून मागता येतं. अर्जातच विचारतात. राजननं मागून घेतलं.

तुकाराम: काय मागून घेतलं?

हेमा: तुमचं नाव. राजन तुकाराम कुबल. पाकिटावर मागे बघा, त्याच्या पत्त्यात. आर. टी. कुबल.

तुकाराम: ते व्ही असेल. घाईत लिहिलं असेल पोरानं.

हेमा: टाइप केलेलं आहे.

तुकाराम: हो. टीच आहे. रस्त्यावर असली पाटी असते वैनी, लाल डोक्याची. पुढे रस्ता बंद.

हेमा: त्याला वाटलं असेल, नाव लावलं की तुम्हांला बोलवता येईल. तुमच्यासाठी केलं हो त्यानं.

तुकाराम: ते कळत नाय का मला? मी पण पोचलो नाय, आणि विठ्ठल पण राहिला नाय. आणि वैनी, शाळेच्या दारात नको म्हणालो ना मी, तर घरी येताना खाडीवर बसून रडलो होतो. कुणाला सांगितलेलं नाय. माझं नाव लागावं असं मला वाटत नव्हतं होय? पंचवीस वर्षं वाटत होतं. आज लागलं, आणि भावाला तोंड दाखवायची लाज वाटते.

हेमा: पाणी आणू?

तुकाराम: नको. कागद घ्या. दरवेळी मीच लिहितो, पण आज माझा हात चालणार नाय.

हेमा: घेतला. त्याला लिहू का, नाव परत फिरवून घे म्हणून? पुन्हा कोर्टात जाऊन करता येत असेल.

तुकाराम: नको. पोर आधीच घाबरलंय. लिहा, आबांनी पत्र वाचून घेतलं. रागावले नाहीत. आईला मी समजावतो. गाय परत मागून आणू, गाय ओळखते तिला. आणि लिहा, आम्ही पावणे म्हणून येऊ. सहा महिने तर सहा महिने. पाठ केलेलं सगळं तुला म्हणून दाखवेन.

हेमा: '...म्हणून दाखवेन.' लिहिलं. खाली सही करा.

तुकाराम: आबा एवढंच लिहितो. दरवेळी तेवढंच असतं.

हेमा: बरं. पाकिटावर दरवेळी मी आर. व्ही. कुबल घालते. आज काय घालू?

तुकाराम: टी घाला. नायतर टपाल पोचायचं नाय त्याला.

हेमा: नक्की ना, काका?

तुकाराम: घाला, वैनी. विठूचा मी बगतलंय.