इंजिनचे हेड आम्ही त्याच वर्कशॉपात का दिले

जबाब. एप्रिल १९७३.

माझे नाव देवमन सखाराम पडघान, वय अंदाजे ४० वर्षे, धर्म बौद्ध, धंदा मजुरी, राहणार पिंपळदरा, तालुका वाशीम, जिल्हा अकोला.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी आई, बायको, मुले, लहान भाऊ गोविंदा व त्याची बायको भागिरथा यांच्यासह राहतो. लग्नापूर्वी मी काही वर्षे ट्रकवर क्लीनर होतो. त्यामुळे इंजिनाचे काम निघाले की वस्तीतील लोक मलाच पुढे करतात.

गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीतील बायांना, दुसरे कोणी पाणी ओतून देईपर्यंत बाजूला उभे राहावे लागते. म्हणून आम्ही आमच्या जागेत विहीर खोदली. यंदाच्या दुष्काळात तिचे पाणी फार खाली गेले. आमच्याजवळ जुने डिझेल इंजिन व पंप आहे. काठावरून पाणी ओढेना, म्हणून विहिरीत खडकात टप्पा फोडून इंजिन तिथे बसवायचे व धुराची नळी वर काठाबाहेर काढायची असे ठरले. त्याआधीच इंजिनच्या डोक्यावरचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग, ज्यास हेड म्हणतात, त्यास चीर गेलेली होती.

हेड कोठे द्यावे हे मी ठरविले. प्रथम जवळच्या मालेगावास एकाला दाखविले. तो म्हणाला, "बस इथंच, आताच वेल्डिंग मारून देतो." बीड असे घाईने सांधत नाही हे मला माहीत असल्याने मी हेड उचलून निघालो. नंतर कारंज्यास गेलो. तेथील म्हाताऱ्या मिस्त्रीने हेड उन्हात धरून पाहिले व म्हणाला, "हे गेलं बाबा. चीर धुराच्या भोकापाशी हाये. नवं घे." नवे हेड चौकशी करूनही कोठे मिळाले नाही.

त्यानंतर पंजाबराव नावाच्या इसमाचे अकोला रोडवरील वर्कशॉप पाहिले. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाचे हेड माझ्यासमोर गरम पाण्यात बुडवून त्यात हवा भरली. चीर होती तेथून बुडबुडे निघाले. तो म्हणाला, "असं पाह्यल्याबिगर मी कोनाचंच हेड देत नाही. तुमचंबी तुमच्यासमोर पाहीन." असे दाखविणारा मला दुसरा कोणी भेटला नव्हता. म्हणून मी हेड त्याच्याकडे दिले.

घ्यावयास गेलो तेव्हा हेड रंगवून तयार होते. मी म्हणालो, "माह्यासमोर पाण्यात टाका." तो म्हणाला, "लाईट गेली. हवेची मशीन कशी चालन? सकाळी पाह्यलं म्या, एक बुडबुडा नाही." मी थांबतो म्हणालो. तेव्हा चारचौघांत तो म्हणाला, "भरोसा नाही काय माह्यावर?" मी म्हणालो, "आहे." आणि हेड घेऊन आलो.

घटनेच्या दिवशी सकाळी इंजिन टप्प्यावर बसवून सुरू केले. जवळ एक माणूस लागतो म्हणून गोविंदा खाली बसला. थोड्या वेळाने वर पाणी आले. बाया भांडी घेऊन उभ्या होत्या. गोविंदाने खालून विचारले, "आलं काय वं पानी?" भागिरथा म्हणाली, "आलं, आलं! लय आलं!" पहिला हंडा तिचाच भरला. वरच्या नळीतून धूर अगदी थोडा येत होता. इंजिन चांगले चालल्याची ती खूण आहे असे मी सर्वांना सांगितले.

सर्वांची भांडी भरणे चालू होते. त्या वेळात गोविंदाकडे कोणी पाहिले नाही.

नंतर मी वाकून हाक मारली. तो कपारीला टेकून बसलेला दिसला. थकून बसला असेल असे वाटले. दुसऱ्या हाकेलाही त्याने मान हलविली नाही तेव्हा मी दोराच्या शिडीने उतरलो. खाली धूर कोंडला होता. मी इंजिन बंद केले व त्यास काखेत धरले. त्यापुढचे मला आठवत नाही. वस्तीतील लोकांनी दोर लावून आम्हा दोघांना काढले असे मला नंतर समजले. मला शुद्ध आली तेव्हा गोविंदाला बैलगाडीत निजविले होते. मेडशीवरून एस.टी.ने वाशीमला दवाखान्यात नेले. ड्रायव्हरने मधे गाडी कोठेही थांबविली नाही. डॉक्टरांनी पाहून तो मयत असल्याचे सांगितले. गोविंदाचे वय सत्तावीस होते.

इंजिन वर काढल्यावर मी हेड पाहिले. धुराच्या भोकापाशी रंग जळाला होता. खाली लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लेप, भरलेली होती व ती वाळलेल्या मातीसारखी माझ्या नखाने निघाली. चीर होती तशीच होती. धूर नळीत न जाता तेथून विहिरीत येत होता असे माझे म्हणणे आहे.

पंजाबराव यास ठाण्यात बोलाविले तेव्हा मी हजर होतो. तो म्हणाला, "चीर मागून पडली असन. इंजिन हिरीत उतरवा असं म्या सांगतलं होतं काय?" 

भागिरथा आजवर माझ्यासमोर येऊन बोलत नसे. माती झाल्यावर ती पदर न सावरता पुढे आली व म्हणाली, "भाऊजी, धूर कमी हाये, हे तुमाले दिसलं होतं ना?" मी हो म्हणालो. ती आत गेली. 

विहीर पंचनाम्यासाठी बंद आहे. बाया पुन्हा गावच्या विहिरीवर जातात.

हेड जप्त केले असून ते जाणकाराच्या अभिप्रायासाठी पाठवावे लागेल, असे जमादार साहेबांनी सांगितले. "तुमचा भरोसा असन असं एखादं वर्कशॉप सांगा," असे ते मला म्हणाले.  मला एकही नाव सांगता आले नाही.

हा माझा जबाब मला आमच्या बोलीत समजावून वाचून दाखविला. तो मी सांगितल्याबरहुकूम लिहिला आहे. त्यात कमीजास्त करावयाचे काही नाही.

सही – देवमन सखाराम पडघान
समक्ष – जमादार