चिमीचं घुंगरू

हसायचं तर हसा, पण ऐका. पुण्याहून बी.ए. होऊन जव्हारला परतलो आणि तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायांना सुनावू लागलो, "पाण्याजवळ पोरांवर नजर ठेवा!" सोमीबाईच्या चिमीच्या पायातलं घुंगरू सारखं मध्ये वाजत होतं. मी ते सोडून खिशात टाकलं. बोलणं रंगलं आणि मागे डुबुक् झालं. सोमीबाईनंच उडी टाकून पोरीला जिवंत बाहेर काढलं.

वर मीच ओरडलो, "लक्ष कुठं होतं तुझं?"

"घुंगराकडं, दादा. हात धुण्यात, कान घुंगरात. तुमी ते सोडलं, मला वाटलं पोर आता तुमच्यापाशी हाय."

तिनं ओला हात पुढे केला. मी मान खाली घालून खिसा चाचपला, तेव्हा ते वाजलं.