वारस तुमचा, पू आमचा

तुम्ही म्हणता आमचे व्याही लई सभ्य माणूस. मग ऐका.

नात दीपालीचं पहिलं बाळंतपण, म्हणजे रीतीनं माहेरचं. तालुक्याला लोहाऱ्याच्या दवाखान्यात सिझर झालं, बिल आम्ही भरलं, कुरकुर केली न्हाय. मुलगा झाला म्हणताच व्याही, म्हणजे दीपालीचे सासरे, पेढे घेऊन धावत आले आणि "आमच्या घराण्याचा वारस आला" म्हणून अख्ख्या वॉर्डाला सांगत फिरले.

माकणीला आमच्या घरी आणलं, तर आठवड्यात पोरीला थंडी-ताप, टाके पिकलेले. परत तोच दवाखाना. डॉक्टर म्हणाला, "इन्फेक्शन आहे. जखम उघडून साफ करावी लागेल, इंजेक्शनं महागडी आहेत." खर्च पहिल्या बिलापेक्षा जास्त! मी विचारलं, "टाके तुम्हीच घातले ना? मग हे आम्ही का भरायचं?" त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. "आधी डिपॉझिट भरा."

माझा लेक पैशासाठी फोनावर फोन करत होता, आणि व्याही दीपालीच्या खाटेजवळ बसून बाळाला खेळवत होते. मी म्हटलं, "पाव्हणं, अर्धं तरी उचला."

"मावशी, पहिलं बाळंतपण माहेरचंच असतंय. रीत हाय."

मी बाळ त्यांच्या मांडीवरनं उचललं. "व्हय? वारस तुमचा आन टाक्यातला पू आमचा? मग ह्याला आमचंच आडनाव लावते. तुम्ही बसा पेढे वाटत."

व्याही गुमान उठून काउंटरकडं गेले. खाटेवरनं दीपाली कण्हली, "आजी, हसवू नगं गं, टाके दुखत्यात."